पोलंडचं प्रस्थान

तुमच्या बाबांनी मला पोलंडला जायची परवानगी दिली ती दोन अटींवर. एक, एकटीने जायचं नाही. दोन, तयारीत पहिली अडचण आली की सगळं रद्द. "आई, या वयात रिस्क नको," ते फोनवर म्हणाले. हाच माणूस आठवीपर्यंत अंधारात न्हाणीघरात जायला घाबरत असे, आणि मी दाराबाहेर उभी राहून पाढे म्हणत असे.

परवानगी मी मागितली नव्हती. पण विमानाची तिकिटं, विमा, हॉटेलं हे सगळं आता तुमच्या बाबांच्या फोनमध्ये राहतं. माझी सहल रद्द करायला त्यांना एक अंगठा पुरणार होता. म्हणून मी "बरं" म्हणाले. जन्मभर वर्गाला शिस्त लावली, आणि सत्तरी उलटल्यावर एका अंगठ्याच्या धाकात राहू लागले.

हे तेच तुम्हाला वाचून दाखवणार आहेत, कारण तुम्हाला मराठी समजतं, बोलताना अडखळता आणि वाचता तर येतच नाही. तेव्हा त्यांना सांगून ठेवते, जिथे स्वतःचं वर्णन आवडणार नाही तिथे पान गाळायचं नाही. मला कळेल.

पोलंडच का, असं मला झाशीत ओळखीच्या प्रत्येकाने विचारलं. उत्तर सोपं आहे, पण एकालाही पटलं नाही. मी मुलींच्या इंग्रजी शाळेत इतिहास शिकवत असे. वर्गात युरोपचा एक कापडी नकाशा होता, माझ्या आधीच्या बाईंच्या वेळचा. दर वर्षी दहावीला दुसरं महायुद्ध आलं की मी छडी उचलून "इथे सुरू झालं" म्हणायची आणि छडी पोलंडवर आपटायची. इतकी वर्षं आपटली की पोलंडच्या जागी भोक पडलं. त्यातून मागची भिंत दिसायची, चुना गेलेली. शाळेने नवा नकाशा दिला नाही, कारण बाकीचा युरोप शाबूत होता. पुढे पुढे मुली उत्तरपत्रिकेत पोलंड रंगवायच्याच नाहीत. एकीने तिथे सरळ गोल काढला. मी तिला गुण दिले, कारण तिने नकाशा नीट पाहिला होता. निवृत्त झाल्यावर शाळेने मला शाल, नारळ आणि एक घड्याळ दिलं. नकाशा मागितला तो दिला नाही. तेव्हाच ठरवलं, त्या भोकात काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघून यायचं.

आता बरोबर कोण? तुमच्या आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. मैत्रिणींचे गुडघे गेले, ज्यांचे शाबूत आहेत त्यांची अक्कल गेली. पासपोर्ट असलेली बाई उरली एकच, माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे तुमच्या मोठ्या आजी. त्या आमच्याच घरात खाली राहतात, मी वर. त्यांची मुलगी सिंगापूरला असते, म्हणून पासपोर्ट. सिंगापूरहून त्या परत आल्या तेव्हा मी विचारलं, काय पाहिलंत? म्हणाल्या, "सगळं चकाचक. पण फोडणीला हिंग नाही." त्यांनी एका देशाचा निकाल असा लावला होता. आणि तुमच्या बाबांच्या अटीमुळे माझं पोलंड त्यांच्या हातात गेलं. त्या आल्या तर मी जाणार, त्या अडल्या तर मी घरी.

मी खाली जाऊन विचारलं. त्या मुगाची डाळ निवडत होत्या.

"पोलंड? तिथे काय आहे?"

"जुनी शहरं आहेत. किल्ले आहेत."

"किल्ला तर इथे गच्चीवरून दिसतो की गं धाकटे. रोज दिसतो. मी कधी गेले का?"

"बटाटे खातात तिथे," मी म्हटलं. शिक्षकाला कळतं कुठल्या मुलीला कुठून पकडायचं. "उकडीच्या करंज्या करतात, आत बटाट्याचं सारण."

डाळ थांबली. "गोड?"

"तिखटमिठाच्या."

"हिंग?"

"आपण नेऊ."

"मग चल," त्या म्हणाल्या आणि खडा बाजूला टाकला.

सदर बाजारात एक प्रवासवाला आहे. दुकानाच्या काचेवर आयफेल टॉवर आणि चारधाम एकाच चौकटीत चिकटवलेले. त्याने आम्हाला आंटीजी म्हटलं, थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि संगणकावर खटखट करून एक कागद काढला. आठ दिवसांत सात शहरं. वॉर्सा, पोझनान, व्रोत्सवाफ, क्राकूफ, झाकोपाने, तोरुन, ग्दान्स्क.

"सब कवर हो जायेगा, आंटीजी. कुछ छूटेगा नहीं."

हा 'कवर' शब्द मला सहन होत नाही. शहर म्हणजे काय वही आहे, खाकी कागद घालून कवर करायला? मी चष्मा लावून वाचत गेले. पोझनानला अर्धा दिवस दिला होता, कशासाठी, तर नगरभवनाच्या घड्याळातून भर दुपारी दोन यांत्रिक बोकड बाहेर येतात आणि डोकी आपटतात. बोकडांची टक्कर बघायची तर मला झाशीजवळच्या मोठ गावच्या बाजाराला बसने जाता येतं, आणि ते बोकड खरे असतात. व्रोत्सवाफला रस्तोरस्ती ब्राँझचे छोटे बुटके बसवलेत, ते शोधायचे म्हणे. "फॅमिली को बहुत पसंद आता है." मी म्हटलं, आमच्या फॅमिलीत दोघीच आहोत, आणि आम्हाला वाकता येत नाही.

पण त्या कागदावर एक ओळ अशी होती की तिथे माझा आवाज चढला. क्राकूफच्या दिवशी सकाळी आउश्वित्झ, दुपारचं जेवण, नंतर मिठाची खाण, संध्याकाळी खरेदी. एका दिवसात. कॉम्बो.

"भैया," मी म्हटलं, "यहाँ क्या हुआ था, मालूम है?"

"हाँ जी, म्यूझियम है. बड़ा फेमस है."

त्याला मी तिथेच खुर्चीवर बसवून सांगितलं, हिटलरच्या त्या छावणीत काय झालं होतं. सगळं नाही, दहावीला सांगायची तेवढं. त्याचा चहा गार झाला. जाऊबाईंनी पाण्याची बाटली हातातच धरून ठेवली होती. बोलून झाल्यावर मी ती ओळ पेनाने खोडली आणि समासात लिहिलं, एक पूर्ण दिवस, त्या दिवशी दुसरं काही नाही, जेवणही त्यांनी ठरवायचं नाही. तो म्हणाला, "आंटीजी, ऐसा कोई करता नहीं है." मी म्हटलं, "म्हणूनच."

घरी येऊन मी स्वतः आखणी केली. वॉर्सात उतरायचं, तिथून रेल्वेने ग्दान्स्क, परतताना तोरुन, मग क्राकूफ. चार शहरं. तुमचे आजोबा रेल्वेत होते, त्यामुळे आगगाडीचं वेळापत्रक बघून मला भीती वाटत नाही, उलट बरं वाटतं. वॉर्साचं जुनं शहर युद्धात जमीनदोस्त झालं आणि लोकांनी ते जुनी चित्रं बघून पुन्हा होतं तसं उभं केलं. आपल्याकडे उभं असलेलंच कोणी बघत नाही.

मंडळातल्या बायकांना हे कळलं तेव्हा काय गंमत! आमचं मराठी मंडळ लहान आहे. काही आमच्यासारखी जुनी घरं, पूर्वज पेशव्यांच्या काळात इकडे कारभाराला आले आणि नंतर परत जायचं विसरले ती. बाकी लष्करातली, झाशीला किंवा बबीनाला बदलीवर आलेली, येतात, गणपतीत मोदक करतात आणि जातात. त्यातलं एक जोडपं गेल्या वर्षी युरोपची सहल करून आलं, आणि तेव्हापासून हळदीकुंकवाला कुंकवापेक्षा पॅरिसच जास्त वाटलं जातं. त्या बाई मला म्हणाल्या, "पोलंड? बजेट असेल ना तुमचं." मी विचारलं, तुम्ही पॅरिसला काय पाहिलंत? त्यांनी फोन काढला. सतरा फोटोंत त्या होत्या आणि एका फोटोत त्यांचे यजमान, डोळे मिटलेले. पॅरिस कुठल्याच फोटोत नव्हतं.

जाऊबाईंचे प्रश्न निराळे होते, आणि खरं सांगायचं तर बरे होते. मी त्यांना क्राकूफजवळच्या मिठाच्या खाणीबद्दल सांगितलं, जमिनीखाली खोल, आत खाणकामगारांनी मिठातच देऊळ कोरलंय, मूर्ती मिठाच्या, झुंबरंसुद्धा मिठाची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि लोक चालतात कशावर?"

"मिठावरच."

"अरे देवा. आपल्याकडे चिमूटभर सांडलं तरी वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. त्यांना किती पापण्या लागतील गं?"

तोरुनला पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारा माणूस जन्मला, हे सांगितलं त्यावर त्यांनी नुसतं "फिरेना का" म्हटलं. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"पोलंड कुठल्या दिशेला येतं?"

मी सहज नकाशावरून बोट फिरवलं. "वायव्येला."

"म्हणजे पश्चिम पण आणि उत्तर पण." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "शुक्रवार, रविवार पश्चिमेला निघत नाहीत. मंगळवार, बुधवार उत्तरेला निघत नाहीत. व्हिसाला दिल्लीला कधी जायचंय?"

व्हिसाच्या कार्यालयात बोटांचे ठसे द्यायला दोघींनी स्वतः हजर राहायचं होतं. तुमच्या बाबांनी तारीख घेतली होती बुधवारची, सकाळच्या गाडीने निघायचं, दुपारी ठसे.

"मग मी येत नाही," जाऊबाई म्हणाल्या. रागावून नाही. भाजी नासली आहे असं सांगावं तशा.

मी एक तास बोलले. पृथ्वी गोल आहे इथपासून सुरुवात केली. वायव्य ही जागा नाही, इथून दिसणारा कोन आहे, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या तुझ्या तोरुनवाल्याने पृथ्वी फिरवली, दिवस नाही फिरवले." तारीख बदलायला तुमच्या बाबांना सांगावं लागलं असतं, आणि का बदलायची हे सांगितलं की अंगठा हललाच. एम.ए. झालेली बाई, इंग्रजीतून शिकलेली, शिकवलेली, आणि माझी सहल एका वाराशी अडली.

मार्ग जाऊबाईंनीच काढला. प्रस्थान ठेवायचं. तुम्ही हा शब्द ऐकलेला नाही, महाराष्ट्रातल्यांनीही आता टाकला असेल, पण आमच्यासारख्या इकडे अडकलेल्या घरांत जुन्या वस्तू टाकत नाहीत. ज्या दिवशी निघायचं तो वार वाईट असेल, तर त्याआधी चांगला वार बघून आपली एखादी वस्तू, तांदूळ, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो असं धरतात. मग खऱ्या निघायच्या दिवशी जाता जाता ते गाठोडं उचलायचं आणि पुढे व्हायचं. उचललेलं प्रस्थान पुन्हा घरात आणायचं नाही. थोडक्यात, पंचांगाला फसवायचं, आणि तेही सुपारीने. मी विचारलं, हे पंचांगाला कळत नाही का? म्हणाल्या, "कळतं. पण ते चालवून घेतं. तुझ्यासारखं नाही."

त्यासाठी त्यांनी माझी एक वस्तू मागितली, रुमाल, कंगवा, काहीही. मी दिली नाही. असल्या मूर्खपणात माझा कंगवासुद्धा सामील होणार नाही, हे माझे शब्द. ते नीट लक्षात ठेवा.

गाठोडं ठेवायचं कुणाकडे, तर वायव्येला ओळखीचं घर नव्हतं. मग त्यांनी छावणीतल्या एका सुभेदाराच्या बायकोला निवडलं. ही सातारकडची मुलगी, मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठच्या महालक्ष्मीला येते, तिथे यांची गट्टी जमली. मी म्हटलं, छावणी वायव्येला नाही. जाऊबाई म्हणाल्या, "फौजीच्या घराला दिशा नसते गं. ते कायम निघालेलंच असतं." गुरुवारी दुपारी ऑटो करून त्या गेल्या आणि गाठोडं तिच्या देवापाशी ठेवून आल्या. येताना खुशीत होत्या. मी वर बसून हॉटेलांची आरक्षणं तारखेप्रमाणे लावत होते, आणि मनात म्हणत होते, सुपारीच्या बदल्यात पोलंड, सौदा स्वस्त पडला.

मंगळवारी सकाळी मी व्हिसाची फाइल शेवटची तपासली. अर्ज, फोटो, विमा, बँकेचा दाखला, पासपोर्टच्या प्रती. मग मूळ पासपोर्ट ठेवायला कपाट उघडलं. माझा नव्हता. माझ्या कपाटाला कुलूप नसतं, शिस्तीच्या घरात कुलपं लागत नाहीत असं मी नेहमी सांगते. हे वाक्यही आता परत घ्यावं लागेल.

खाली गेले. "जाऊबाई, माझा पासपोर्ट?"

"प्रस्थानात." त्या केस विंचरत होत्या. "तू कंगवा दिला नाहीस. मग म्हटलं, तुझी अशी वस्तू कुठली? ज्यात तुझा फोटो, तुझं नाव, तुझा बाप, सगळं आहे. म्हणजे तूच की. माझाही ठेवला. उद्या स्टेशनला जाताना उचलायचंच आहे. निघतानाच लागतो ना पासपोर्ट?"

मला त्या युक्तिवादात चूक सापडेना. ती सापडत नव्हती म्हणून मी जास्त संतापले. शांत राहून सुभेदाराच्या बायकोला फोन लावला, सकाळी अमुक वाजता येऊ सांगायला.

"अगं बाई, काकू!" पलीकडून ठोकाठोकीचा आवाज येत होता. "आमची बदली पठाणकोटला झाली नव्हं का. तारीख एकदम आली. सामान ट्रकात चढलं सगळं. आता निघतोय ट्रक."

"आणि गाठोडं?"

"ते बी चढलं की. मोठ्या काकू म्हणाल्या, देवाजवळनं हलवू नको. देव हलले, मग ते बी हलवलं."

पठाणकोट झाशीहून वायव्येला आहे. जाऊबाईंना मी हे ऑटोत सांगितलं नाही. त्यांना आनंद झाला असता.

मी होते तशी निघाले, घरातल्या सुती साडीवर, पायात रबरी चपला, हातात फाइल, कारण फाइल मी कुणावर सोपवत नाही. जाऊबाई मागून कुलूप लावून आल्या, खांद्याला एक फुगलेली कापडी पिशवी. त्या वेळी मी पिशवीकडे लक्ष दिलं नाही. रस्ताभर मला एकच दिसत होतं, तुमच्या बाबांचा अंगठा. पासपोर्ट हरवला म्हटल्यावर याहून मोठी अडचण ती कुठली? पहिली अडचण आली की रद्द.

क्वार्टरसमोर ट्रक उभा होता, मागची फळी लावलेली, दोर आवळलेले. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले, एकावर एक, रेषेत. मी आयुष्यात इतकं सुबक लादलेलं सामान पाहिलं नाही, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नाही. सुभेदार साहेब घड्याळ बघत होते.

"देवांची पेटी कुठे आहे?" मी विचारलं.

"देव पहिले चढवतो आम्ही," त्यांची बायको म्हणाली. "पहिले चढायचे, म्हंजे घराच्या पुढं असतात."

म्हणजे ट्रकच्या अगदी आत, ड्रायव्हरच्या पाठीला लागून. तिच्यापुढे अख्खा संसार.

"काकू, ते आता शक्य नाही," सुभेदार अदबीने म्हणाले. "लोडिंग झालंय. मी पठाणकोटहून कुरिअर करतो. आठवड्यात मिळेल."

"उद्या दुपारी मला दिल्लीत ठसे द्यायचेत."

"तारीख पुढे घ्या ना."

हे वाक्य ऐकून माझ्या तोंडून वर्गातला आवाज निघाला, जो निवृत्तीनंतर एकदाच निघाला होता, गॅसवाल्यावर. "सुभेदार साहेब, हा ट्रक आता रिकामा होणार आहे. आणि तुम्ही रागावून उभे राहण्यापेक्षा मला सांगा आधी कुठली ट्रंक उतरवायची." चार जवान हसू दाबत पुढे झाले. सुभेदारांनी एक क्षण माझ्या चपलांकडे पाहिलं. मग दोर सोडला.

सामान उतरत राहिलं. कूलर, शिलाई मशीन, गाद्यांच्या वळकट्या, मुलाची सायकल, तांदळाचं पिंप. जाऊबाई सावलीत एका ट्रंकेवर बसून प्रत्येक वस्तूवर अभिप्राय देत होत्या. "हा पाटा सातारचा का गं? आता असा दगड मिळत नाही." "पडदे छान आहेत, पण पठाणकोटला धूळ फार." मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सगळ्यात शेवटी देवांची पेटी आली. सुभेदारांच्या बायकोने नमस्कार करून ती उघडली. बाळकृष्णाच्या शेजारी तांबडं गाठोडं होतं. मी गाठ सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि आमचे दोन पासपोर्ट, हळदीने कडा पिवळ्या झालेले. माझ्या फोटोच्या पानावर तांदळाचे चार दाणे चिकटले होते. मी ते झटकले आणि पहिल्यांदा श्वास नीट घेतला. म्हटलं, चला घरी.

"घरी कसं?" जाऊबाई उठल्याच नाहीत. "प्रस्थान उचललंस तू. ते घरात न्यायचं नाही."

"उद्या सकाळची गाडी आहे."

"असू दे. उचललं की निघायचं."

"दुसऱ्या कुणाकडे ठेवू रात्रभर."

"एकदा उचललेलं दुसऱ्यांदा ठेवत नाहीत."

हा शेवटचा नियम त्यांनी त्याच क्षणी केला असा माझा आजही संशय आहे. पण सुभेदाराची बायको मान डोलावत होती, सुभेदारही, आणि मला वाटतं दोन जवानही. "तू घरात नेलंस तर मी येणार नाही," जाऊबाई म्हणाल्या. "तू जा एकटी, जायचं तर." त्यांना तुमच्या बाबांची पहिली अट ठाऊक होती. त्या वाटतात त्याहून फार हुशार आहेत, आणि हे मी इथे एकदाच लिहीन.

माझी बॅग घरी भरलेली होती. इस्त्रीची रेशमी साडी, व्हिसाच्या कार्यालयासाठी काढलेली, बूट, औषधं वारांच्या डबीत. मी स्वतःकडे पाहिलं. साडीच्या काठाला सकाळच्या आमटीचा डाग. आयुष्यात मी अशी दूधवाल्यासमोरही गेले नव्हते, आणि आता युरोपच्या दारात जायचं होतं.

"स्टेशन," मी ऑटोवाल्याला म्हटलं.

फलाटावर जाऊबाईंनी पिशवी उघडली. त्यात दशम्या होत्या, दुधात भिजवून केलेल्या, प्रवासात टिकतात त्या. लसणाची चटणी, दोन ब्रश, माझ्या गोळ्यांची पट्टी आणि माझी एक साडी, चुरगळलेली, पण धुतलेली. मी साडीची घडी नीट करून परत पिशवीत ठेवली. दुपारच्या गाडीची तिकिटं मिळाली, बसायची जागा मिळेल असं नाही. दिल्लीत जाऊबाईंच्या भाचीकडे मुक्काम करायचं ठरलं.

तेवढ्यात तुमच्या बाबांचा फोन आला. तुमच्या तिकडे परदेशात पहाट असणार.

"आई, उद्याची तयारी झाली? सगळं नीट? मागे गाड्यांचे आवाज कसले?"

मी खोटं बोलत नाही. विद्यार्थिनींना शिकवलेलं स्वतः मोडायचं नाही असं ठरवलेलं आहे. म्हणून मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. जाऊबाईंनी चटणीच्या हाताने फोन काढून घेतला.

"अरे, निघालो आम्ही."

"कुठे?"

"पोलंडला."

"काकू, तिकिटं पुढच्या महिन्याची आहेत!"

"तुझ्या विमानाच्या कंपनीची असतील. आमचं प्रस्थान गुरुवारीच झालं. आईला विचार." आणि फोन माझ्या कानाला लावला.

"आई, काकू काय म्हणतायत? काही प्रॉब्लेम आहे का?"

फलाटावर घोषणा होत होती. समोर रुळांवर उंदीर पळत होते. मी म्हणाले, "काही नाही. काकू म्हणतात ते बरोबर आहे. प्रस्थान गुरुवारी झालं. आम्ही वाटेत आहोत." याहून अशास्त्रीय वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तुमचे बाबा म्हणाले, "ओके, टेक केअर." अंगठा हलला नाही. आता हे वाचताना त्यांना कळलं असेल. पण व्हिसा लागून गेला आहे. पुढे वाचा.

दिल्लीत खिडकीतल्या मुलीने माझा पासपोर्ट उघडला तेव्हा त्यातून एक तांदूळ तिच्या टेबलावर पडला. तिने तो नखाने बाजूला सारला आणि मला डावा अंगठा ठेवायला सांगितलं. चुरगळलेल्या साडीबद्दल कोणी काही बोललं नाही.

दोन आठवड्यांनी पासपोर्ट कुरिअरने आले. मी जिना उतरून दाराशी पोचेपर्यंत जाऊबाईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सही केली होती आणि पाकीट समोरच्या भांड्यांच्या दुकानदाराच्या हातात दिलं होतं. त्यांच्या मते घरात न्यायचं नाही, प्रस्थान अजून चालू आहे; 'दुसऱ्यांदा ठेवत नाहीत' हा स्वतःचाच नियम त्या सोयीने विसरल्या. पासपोर्ट सध्या बडा बाजारच्या त्या दुकानात, पितळी घागरींच्या मागे, त्याच्या तिजोरीत आहेत. हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि तो मला माझ्या तोंडाने त्या दुकानदाराला समजावून सांगावा लागला, कारण जाऊबाईंचं हिंदी घाईत अडखळतं.

मी रोज संध्याकाळी भाजीला जाते तेव्हा तिथे थांबते. तो विचारायच्या आधीच तिजोरी उघडून पाकीट दाखवतो. काल तो म्हणाला, "माताजी, दिवाली की सफ़ाई है, दो दिन आप घर रख लीजिए." मी त्याला सांगितलं, सफाई आम्ही निघाल्यावर करा, तोवर ते इथून हलवायचं नाही.